आभासी ड्रायव्हरमधली रेस कंडिशन आणि तिची दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, लिहायला शिकणाऱ्यांशी बोलताना काही प्रश्न हमखास निघतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरण मुद्दाम एकच घेतलं आहे आणि ते खरं आहे. वहीतल्या दोन ओळींच्या उदाहरणात रेस कंडिशन फार सोपी वाटते. खऱ्या कोडमध्ये ती पाच वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

रेस कंडिशन म्हणजे नेमकं काय?

दोन कामं एकाच वेळी चालू असतात आणि कोण आधी पोहोचतो यावर निकाल अवलंबून राहतो, ती रेस कंडिशन. नेहमीचं उदाहरण मोजणीचं. दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कोडचे दोन प्रवाह, एकाच आकड्यात एक मिळवतात. दोघांनीही ५ वाचला, दोघांनीही ६ लिहिला. आकडा ७ व्हायला हवा होता, तो ६ वरच राहिला. इथे लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, नाही हे लगेच दिसतं, लॉक घातला की काम संपतं.

खाली जो बग आहे तो असा नाही. तिथे लॉक होता, वेळेवर घेतलाही जात होता. तरीही गडबड झाली.

यंत्रच नाही, मग ड्रायव्हर कशाचा?

आभासी ड्रायव्हर कर्नलला सांगतो की इथे एक उपकरण आहे, आणि त्या उपकरणाचं वागणं स्वतःच वठवतो. लिनक्समधला विविड हा असाच एक व्हिडिओ ड्रायव्हर. त्याचं मॉड्यूल (कर्नलला हवं तेव्हा जोडायचा भाग) लोड केलं की यंत्राला कॅमेरा जोडलेला नसतानाही व्हिडिओ उपकरण दिसू लागतं आणि त्यातून रंगीत पट्ट्यांचं चित्र येतं. काही वेगळं सांगितलं नाही तर वेबकॅम, टीव्ही, एस-व्हिडिओ आणि एचडीएमआय असे चार इनपुट तो उभे करतो. रेडिओचीही नक्कल करतो. एकाच यंत्रावर अशी ६४ उपकरणं उभी करता येतात. व्हिडिओचं ॲप लिहिणाऱ्याला महागडं कॅप्चर कार्ड न घेता चाचणी करता यावी, हा त्याचा हेतू. हान्स व्हेरकुइल यांनी लिहिलेला हा ड्रायव्हर २०१४ साली, कर्नलच्या ३.१८ आवृत्तीत आला.

शिकणाऱ्यासाठी आभासी ड्रायव्हरसारखी जागा नाही असं माझं मत आहे. खऱ्या कार्डावर बग आला की तारेपासून फर्मवेअरपर्यंत सगळ्यांवर संशय जातो. इथे जे चुकलं ते कोडमध्येच चुकलं.

विविडमध्ये कोणता बग होता?

सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१९-१८६८३ या क्रमांकाने त्याची नोंद आहे. सुरक्षा संशोधक अलेक्झांडर पोपोव यांना तो सिझकॉलर या फझरच्या, म्हणजे कर्नलवर यादृच्छिक मागण्यांचा मारा करून बग शोधणाऱ्या प्रोग्रामच्या, मदतीने सापडला, आणि दुरुस्तीचा पॅचही त्यांनीच लिहिला. बग जवळजवळ ड्रायव्हरच्या जन्मापासूनचा, म्हणजे सुमारे पाच वर्षांचा. २०१९ च्या अखेरीस तो दुरुस्त झाला. एकच चूक तीन ठिकाणी होती: व्हिडिओ आत घेणं थांबवणारं फंक्शन, व्हिडिओ बाहेर पाठवणं थांबवणारं फंक्शन आणि सॉफ्टवेअर रेडिओचं स्ट्रीमिंग थांबवणारं फंक्शन.

चूक नेमकी कुठे होती?

आधी पात्रं ओळखून घेऊ. स्ट्रीमिंग सुरू झालं की विविड एक कर्नल थ्रेड उभा करतो. वेळ झाली की तो थ्रेड ड्रायव्हरचा म्युटेक्स (लॉकचा एक प्रकार, मिळेपर्यंत मागणारा झोपतो) घेतो, यादीत रांगेने लागलेल्या बफरमध्ये, म्हणजे चित्रासाठी राखलेल्या मेमरीत, चित्र भरतो, म्युटेक्स सोडतो आणि पुढच्या फ्रेमची वाट बघत झोपतो. दुसऱ्या बाजूला वापरकर्त्याचा प्रोग्राम आहे. त्याने उपकरण उघडलं, वाचलं, बंद केलं की कर्नलमधली ती कामंही हाच म्युटेक्स घेऊन होतात.

आता प्रोग्रामने उपकरण बंद केलं. बंद करणाऱ्या कोडने म्युटेक्स घेतला आणि थांबवणाऱ्या फंक्शनमध्ये शिरला. त्याने आधी यादीतले सगळे शिल्लक बफर परत केले, यादी रिकामी केली. मग थ्रेड थांबवायची वेळ आली. त्यासाठी कर्नलमध्ये के-थ्रेड-स्टॉप आहे. ते थ्रेडला ‘आता थांब’ अशी खूण करतं, झोपला असेल तर उठवतं आणि तो खरोखर संपेपर्यंत तिथेच वाट बघतं.

पण त्या थ्रेडला संपण्याआधी म्युटेक्स लागू शकतो, आणि म्युटेक्स तर आपल्याच हातात आहे. म्हणून मूळ कोडने हे केलं:

म्युटेक्स सोडा.
थ्रेड थांबवा, तो संपेपर्यंत थांबा.
थ्रेडचा पॉइंटर (साठवलेला पत्ता) रिकामा करा.
म्युटेक्स पुन्हा घ्या.

चार ओळी, आणि वाचताना चारही शहाण्या वाटतात. थ्रेडला लॉक हवा होता, आपण दिला, तो गेला, आपण परत घेतला. घोळ ‘दिला’ या शब्दात आहे. लॉक सोडता येतो, अमक्याला देता येत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा म्युटेक्स कुणाच्या नावावर राखून ठेवता येत नाही. तो सुटला की दारात जो कोणी असेल त्याला मिळू शकतो.

आणि दारात कोण असू शकतं? त्याच उपकरणातून वाचू बघणारा दुसरा थ्रेड. पहिल्याने म्युटेक्स सोडला त्या क्षणी कर्नल थ्रेडऐवजी या वाचणाऱ्यालाच तो मिळाला. त्याने बफरच्या रांगेत फेरफार केले. ज्या यादीबद्दल आपण एवढ्यातच ‘रिकामी झाली’ असं ठरवलं होतं तिच्यात पुन्हा बफर आला. मग आपण परत आलो, म्युटेक्स घेतला आणि काहीच घडलं नाही अशा समजुतीने पुढची आवराआवर केली. त्या आवराआवरीत बफरची मेमरी मोकळी झाली, पण ड्रायव्हरच्या यादीत त्याचा पत्ता तसाच राहिला. पुढच्या वेळी स्ट्रीमिंग सुरू झालं की ड्रायव्हर त्याच पत्त्यावर जातो, आणि तिथली मेमरी आता दुसऱ्याच कुणाची तरी असते.

मोकळ्या केलेल्या मेमरीचा हा वापर हल्लेखोराच्या हाती लागला तर गोष्ट क्रॅशवर थांबत नाही. साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार मिळवता येतात, हे पोपोव यांनी करूनही दाखवलं.

मग म्युटेक्स न सोडता थ्रेड थांबवला असता तर?

तर डेडलॉक. बंद करणारा कोड म्युटेक्स धरून थ्रेड संपायची वाट बघतोय, थ्रेड म्युटेक्स मिळायची वाट बघतोय. दोघेही कायमचे अडकले.

थ्रेड तर लॉक घेण्याआधी ‘थांब’ची खूण तपासतो, मग अडकेल कसा, असं पुढे विचारलं जातं. खूण तपासणं आणि लॉक मागणं यांच्या मधल्या फटीत अडकेल. थ्रेडने खूण बघितली, नव्हती. त्याच्या पुढच्याच क्षणी ती लागली. थ्रेड मात्र लॉकच्या रांगेत जाऊन झोपला, आणि तिथून उठून खूण पुन्हा बघण्याची सोय नाही. म्हणजे डेडलॉक टाळायला आपण एक फट उघडली, आणि ती बंद करायला गेलो तर डेडलॉक परत येतो. असा पेच दिसला की लॉकच्या जागा पुढेमागे करत बसू नका. वाट बघायची पद्धतच बदलावी लागते.

दुरुस्ती कशी केली?

दोन बदल, आणि दोन्ही एकमेकांशिवाय अपुरे.

पहिला, थांबवणाऱ्या तिन्ही फंक्शनमधून म्युटेक्स सोडणं आणि पुन्हा घेणं काढून टाकलं. सुरुवातीला धरलेला लॉक शेवटपर्यंत हातात. फट गेली.

दुसरा बदल कर्नल थ्रेडमध्ये. तो आता म्युटेक्ससाठी अडून बसत नाही, म्युटेक्स-ट्रायलॉक वापरून नुसता विचारतो. मिळाला तर काम करतो. नाही मिळाला तर एका जिफीपुरता (कर्नलच्या घड्याळाची एक टिक) झोपतो आणि लूपच्या डोक्याशी परत जातो. तिथे पहिलं काम काय, तर ‘थांब’ची खूण आहे का ते बघणं. म्हणून बंद करणाऱ्याने म्युटेक्स धरून ठेवला तरी चालतं: थ्रेडला लॉक मिळत नाही, तो थोडा झोपतो, उठतो, खूण बघतो, निघून जातो. के-थ्रेड-स्टॉप परत येतं आणि म्युटेक्स मधे एकदाही सुटलेला नसतो.

मला या पॅचमधलं आवडतं ते हे की त्यात नवा लॉक नाही, नवा फ्लॅग नाही, एखादी ‘आता बंद होतोय’ अशी स्थिती नाही. लॉकच्या रांगेत झोपलेला थ्रेड खूण बघू शकत नव्हता. आता तो रांगेत झोपतच नाही.

यादी पुन्हा एकदा रिकामी केली असती तर चाललं नसतं का?

म्युटेक्स परत घेतल्यावर यादी तपासायची आणि काही असेल तर काढायचं, हा उपाय बहुतेकांना सुचतो. त्याने हा क्रॅश कदाचित थांबला असता, बग राहिला असता. कारण थांबवणारं फंक्शन एकटं नाही. त्याला बोलावणारा वरचा कोड, म्हणजे व्हिडिओ बफर सांभाळणारा भाग, असं गृहीत धरून चालला आहे की लॉक आपण धरला आहे आणि आपलं काम संपेपर्यंत जग हललेलं नाही. खालच्या फंक्शनने मधेच लॉक सोडला तर तो वरच्याचा विश्वासघात आहे, आणि वरच्याला ते कळायला मार्ग नाही. यादी हे त्याच्या गृहीतकांपैकी एक. बाकीची किती आहेत हे तुम्ही मोजून संपवू शकणार नाही.

स्पिनलॉक का वापरला नाही?

विविडमध्ये स्पिनलॉकही होता. म्युटेक्सची वाट बघणारा झोपतो, स्पिनलॉकची वाट बघणारा जागाच राहून फिरत राहतो. बफर यादीत घालणारा कोड आणि चित्र भरणारा थ्रेड, दोघेही यादीला हात लावताना तो घेत होते. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण लोकांचा इथेच गोंधळ होतो. तो नको असलेला बफर यादीत गेला तेव्हा म्युटेक्सही घेतलेला होता आणि स्पिनलॉकही. यादीचे दुवे तुटले नाहीत, अर्धवट काही लिहिलं गेलं नाही. बफर अगदी शिस्तीत, पण चुकीच्या वेळी आत गेला.

डेटा रेस आणि रेस कंडिशन यांतला फरक तो हाच. डेटा रेसमध्ये एकाच जागेवर दोघे लॉकशिवाय हात घालतात. रेस कंडिशनमध्ये प्रत्येक हात लॉकमध्ये असूनही घटनांचा क्रम चुकू शकतो. म्हणून ‘सगळीकडे लॉक आहे’ हे वाक्य कोड तपासताना ऐकलं की माझं समाधान होत नाही. लॉक कुठून कुठपर्यंत आहे, ते सांगा.

म्युटेक्सच्या जागी स्पिनलॉक घालणं तर शक्यच नव्हतं. स्पिनलॉक धरून झोपता येत नाही, आणि के-थ्रेड-स्टॉप म्हणजे झोपून वाट बघणंच.

व्होलाटाइल लिहून किंवा अॅटॉमिक व्हेरिएबल वापरून सुटेल का?

नाही. व्होलाटाइल फक्त कंपायलरला सांगतं की हे वाचन गाळू नकोस. अॅटॉमिकमुळे एक आकडा सुरक्षित बदलतो. इथे चार पायऱ्या मिळून एक काम होतं आणि मधे कुणी घुसता कामा नये, तो प्रश्न या दोन्हींच्या आवाक्याबाहेरचा आहे.

लॉकडेप, केसॅन, केसीसॅन ही कर्नलमधले बग शोधणारी साधनं असताना हा बग इतकी वर्षं कसा राहिला?

प्रत्येक साधन एका विशिष्ट गोष्टीवर नजर ठेवतं. लॉकडेप कर्नलमध्ये २००६ पासून आहे. तो लॉक घेण्याचा क्रम बघतो. इथे क्रम बिघडलेलाच नव्हता, सोडला आणि पुन्हा घेतला एवढंच. केसीसॅन २०२० साली ५.८ मध्ये आलं आणि ते डेटा रेस शोधतं. वर सांगितल्याप्रमाणे इथला निर्णायक प्रवेश लॉक घेऊन झाला होता, त्यामुळे त्याच्याकडूनही फार आशा नको.

उपयोगी पडणारं साधन केसॅन, २०१५ पासून कर्नलमध्ये असलेलं. मोकळ्या केलेल्या मेमरीला कुणी हात लावला की ते तिथल्या तिथे ओरडतं, आणि ती मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली, कुणी वापरली याचे तिन्ही माग दाखवतं. पण ते परिणाम पकडतं. कारण काही मिलिसेकंद आधी, दुसऱ्याच फंक्शनमध्ये घडून गेलेलं असतं. तिथपर्यंत तुम्हालाच मागे चालत जावं लागतं. शिवाय परिणाम दिसायला आधी तो घडायला हवा, आणि साध्या चाचण्यांत एकाच उपकरणावर दोन थ्रेड एकदम तुटून पडत नाहीत. ते काम फझरने केलं.

हाताने हा बग पुन्हा घडवायचा तर कसा?

क्यूएमूमध्ये, म्हणजे आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, निदान दोन प्रोसेसर देऊन, केसॅन चालू केलेला जुना कर्नल उभा करा. रोजच्या वापराच्या यंत्रावर हे करू नका. विविड लोड करा. एक छोटा प्रोग्राम लिहा: दोन थ्रेड, प्रत्येक वेगळ्या प्रोसेसरला बांधलेला, आणि दोघेही एकच गोष्ट अखंड करणारे, म्हणजे उपकरण उघडा, वाचा, बंद करा.

लवकर घडत नसेल तर फट रुंद करा. म्युटेक्स सोडल्यानंतर आणि थ्रेड थांबवण्याआधी मुद्दाम काही मिलिसेकंदांचा विलंब घाला. नैसर्गिकरीत्या क्वचित दिसणारा बग असा विलंब घातला की पुन्हा पुन्हा दिसू लागतो. मी तर म्हणेन, विलंब कुठे घालायचा हे तुम्हाला ठामपणे सांगता आलं तर तुम्हाला बग समजला. नाही सांगता आलं, तर अजून अंदाजच चालू आहे.

कर्नलमधून संदेश छापणारं प्रिंट-के भरभरून टाकण्याचा मोह आवरा. कन्सोलवर लिहायला वेळ लागतो, त्याने वेळेचं गणित बदलतं आणि बग लपतो. ट्रेस-प्रिंट-के मेमरीत लिहितं, त्याचा भार कितीतरी कमी.

दुरुस्तीनंतर बग दिसला नाही. म्हणजे गेला?

नुसतं दिसलं नाही म्हणून नव्हे. रात्रभर चाचणी चालवून काही सापडलं नाही, याचा अर्थ त्या रात्री त्या यंत्रावर घडलं नाही इतकाच. मी दोन गोष्टी एकत्र मागते. घातलेला विलंब तसाच ठेवून दुरुस्त केलेला कोड चालवा, जिथे आधी हटकून पडत होता तिथे आता अजिबात पडता कामा नये. आणि कागदावर लिहून दाखवा की लॉक धरल्यापासून सोडेपर्यंत दुसरा कुणीही त्या यादीपर्यंत का पोहोचू शकत नाही. दोन्हींपैकी कागदावर माझा जास्त विश्वास आहे.

एका जिफीची झोप म्हणजे उधारीचा उपाय नाही का?

शंका रास्त आहे, आणि नंतर तसंच दिसून आलं. जिफीची लांबी कर्नलच्या मांडणीवर ठरते. सेकंदाला २५० टिक असतील तर ४ मिलिसेकंद, १००० असतील तर १. पण एक जिफी झोपायला सांगितलेला थ्रेड त्याहून जास्तही झोपू शकतो, विशेषतः आभासी यंत्रात. फ्रेमच्या वेळा त्यामुळे हलू लागल्या. पुढे व्हेरकुइल यांनीच त्यात बदल केला: लॉक नाही मिळाला तर ठरावीक वेळ न झोपता फक्त प्रोसेसर सोडायचा आणि पाळी आली की पुन्हा विचारायचं. ही वेळ अजूनही पुरेशी अचूक नाही, खरं तर नीट टायमर वापरायला हवेत, पण ते काम बरंच मोठं आहे, असं त्यांनी त्या बदलाच्या टिपणात मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

सुरक्षेची दुरुस्ती आधी, नेमकेपणा नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो. फ्रेम दोन मिलिसेकंद उशिरा आली तर कुणाचं यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात जात नाही.

माझ्या संगणकाला यापासून धोका आहे का?

कर्नल २०१९ च्या अखेरच्या या दुरुस्तीआधीचा असेल आणि विविड लोड केलेलं असेल तरच. उबुंटू, डेबियनसारख्या अनेक वितरणांत हे मॉड्यूल सोबत येतं, पण आपोआप लोड होत नाही. शिवाय हल्लेखोराला त्या यंत्रावर खातं लागतं. कर्नल अद्ययावत असेल तर निश्चिंत राहा.

माझ्या ड्रायव्हरमध्ये अशी चूक आहे का, हे कसं शोधू?

सोडणं आधी आणि घेणं नंतर अशी उलटी जोडी असलेली फंक्शन शोधा. साध्या फंक्शनमध्ये लॉक घेतला जातो आणि मग सोडला जातो. सोडणं आधी दिसलं तर लॉक बोलावणाऱ्याचा आहे आणि हे फंक्शन तो मधेच सोडतंय. प्रत्येक वेळी ती चूकच असेल असं नाही. कर्नलमध्ये हे जाणीवपूर्वक, नोंद करून केलेल्या जागाही आहेत. पण तिथे थांबून विचारायचं: लॉक सोडण्याआधी मला जे जे माहीत होतं त्यातलं परत घेतल्यावर मी काय पुन्हा तपासलं? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर बग सापडला.

दुसरी खूण म्हणजे संपेपर्यंत वाट बघणारी फंक्शन. के-थ्रेड-स्टॉप हे एक. वर्कक्यूमधलं (नंतर करायच्या कामांची कर्नलमधली रांग) काम रद्द करून ते संपायची वाट बघणारं दुसरं, टायमर काढून त्याचं चालू काम संपू देणारं तिसरं. यांना बोलावताना हातात कोणते लॉक आहेत आणि ते काम स्वतः कोणते लॉक मागतं, या दोन याद्या शेजारी शेजारी लिहा. दोन्हींत एकच नाव दिसलं की विविडचाच पेच तुमच्या घरी आहे.

एका आभासी सिरीयल पोर्टच्या ड्रायव्हरमध्ये हा पेच मी स्वतः घातला होता. बंद करताना वर्क रद्द करायचं होतं, डेडलॉक आला, मी त्या ओळीभोवती लॉक सोडला आणि घेतला, चाचण्या हिरव्या झाल्या. आठ महिन्यांनी ग्राहकाकडून क्रॅशचे माग आले. ते वाचायला मला तीन आठवडे लागले, आणि दुरुस्ती सहा ओळींची निघाली.

पॅच पाठवताना काय लिहायचं?

कोड सहा ओळींचा असला तरी वर्णन सविस्तर हवं. दोन स्तंभ करा, एका प्रोसेसरवर काय चाललं आणि दुसऱ्यावर काय, आणि ओळी वेळेच्या क्रमाने लावा. तपासणाऱ्याला तो क्रम मनात उभा करायला लावू नका. चूक कोणत्या कमिटमध्ये (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलात) आली ते पॅचच्या वर्णनातल्या फिक्सेसच्या ओळीत द्या, म्हणजे जुन्या स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना तो पॅच कुठवर न्यायचा ते कळतं. कुणाला पाठवायचं हे कर्नलच्या सोर्समधली गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. पहिलीच आवृत्ती स्वीकारली जाईल अशी अपेक्षा धरू नका. विविडच्या या पॅचलाही एकाहून अधिक आवृत्त्या लागल्या. लॉक न मिळाल्यावर थ्रेडने कसं थांबावं यासारख्या एका ओळीच्या गोष्टीवरही तिथे लोक थांबून विचार करतात. त्यांनी प्रश्न विचारला तर ते वर्णन पुन्हा वाचा. बहुतेक वेळा उत्तर तुम्हाला माहीत असतं, फक्त लिहायचं राहून गेलेलं असतं.